‘पर्सेपोलिस’ची पार्श्वभूमी : रुमाल सक्तीचा झाला कसा

‘पर्सेपोलिस’ (2007) या बव्हंशी काळ्या-पांढऱ्या फ्रेंच अ‍ॅनिमेशनपटातली तेहरानची मुलगी रस्त्यावर चोरून आयर्न मेडन या रॉक बँडची कॅसेट घेते. दोन बायका तिला अडवतात आणि तिच्या जॅकेटवरून, बिल्ल्यावरून फैलावर घेतात. इराणचे राजे शहा यांचं पलायन, इराकशी आठ वर्षांचं युद्ध, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डोक्यावरचा रुमाल मात्र पडद्यावर एका रात्रीत आल्यासारखा वाटतो. तसं झालं नव्हतं.

मराठीत या सगळ्याला सरसकट ‘बुरखा’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. इराणातला वाद चेहरा झाकण्याचा नव्हताच. चादोर म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचं कापड. त्याला बंद नाही, गुंडी नाही, हनुवटीखाली हातानं धरून चालायचं. आपली ‘चादर’ त्याच शब्दाची. रूसरी म्हणजे नुसता रुमाल. शाळेतल्या मुलींच्या वाट्याला आला तो मघनए, शिवलेला, डोक्यातून घालायचा. कायद्यात मात्र शब्द आला ‘शरई हिजाब’, शरियतला मान्य असलेला. म्हणजे नेमकं किती झाकायचं, हे अडवणाऱ्याच्या मर्जीवर.

त्याआधीची जबरदस्ती उलटी होती. 1936 साली या शहांच्या वडिलांनी, रझा शहांनी, पडदापद्धतीवरच बंदी घातली. पोलीस भररस्त्यात चादोर ओढून काढत, तेव्हा कित्येकींनी घराबाहेर पडणंच सोडलं. म्हणूनच 1978च्या मोर्च्यांत एरवी केस मोकळे ठेवणाऱ्या काही शिकलेल्या बायकाही शहांच्या निषेधासाठी मुद्दाम चादोर घेऊन उतरल्या. हौसेनं घेतलेलं ते कापड पुढे गळ्यात पडेल, असं त्यांना तेव्हा कुठे वाटलं होतं?

मार्च 1979. शहांना हटवणाऱ्या क्रांतीला महिनाही झाला नव्हता. सरकारी कचेऱ्यांत बायकांनी हिजाबशिवाय येऊ नये, असं क्रांतीचे नेते, धर्मगुरू खोमेनी यांचं वक्तव्य आलं. 8 मार्चला हजारो बायका तेहरानच्या रस्त्यांवर आल्या. समोरून घोषणा झाली, ‘या रूसरी, या तूसरी’. म्हणजे रुमाल घ्या, नाहीतर डोक्यात फटका खा. निदर्शनं काही दिवस चालली आणि राज्यकर्ते वरकरणी नमले. सक्ती नाही, म्हणाले. डाव्यांपैकी बऱ्याच जणांना हा आत्ताचा प्रश्न वाटलाच नाही, आधी साम्राज्यवादाशी लढा. माझ्या मते घात इथे झाला. 1980च्या उन्हाळ्यात कचेऱ्यांत सक्ती आली, 1983मध्ये कायदा झाला आणि शिक्षा ठरली 74 फटक्यांपर्यंत.

चित्रपटाला कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक विभागून मिळालं, तेहरानातून निषेध झाला. ट्युनिशियात 2011 साली तो दूरचित्रवाणीवर दाखवला. देवाचं चित्र दिसलं म्हणून वाहिनीच्या मालकाला 2,400 दिनार दंड झाला.

2022मध्ये हिजाबवरून पकडलेल्या एका तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला आणि देश पेटला. त्याच्या पाच वर्षं आधी, डिसेंबर 2017मध्ये, तेहरानात एक बाई रस्त्याकडेच्या पेटीवर चढली, रुमाल काठीला बांधला आणि गप्प उभी राहिली. तिला अटक झाली. त्या रस्त्याचं नाव इन्किलाब.