३६ की ३८? टू-स्ट्रोक डर्ट बाइकच्या कार्बोरेटरमागचा इतिहास

टू-स्ट्रोक डर्ट बाइकला नवा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) बसवायचा म्हटले की पहिला प्रश्न त्यातल्या हवेच्या भोकाच्या मिलिमीटरचा निघतो: ३६ घ्यावा की ३८? माझ्या मते हा प्रश्न दुसरा असायला हवा. गेल्या ५०-६० वर्षांत कार्बोरेटर सुधारला तो मुख्यतः स्लाइडच्या, म्हणजे थ्रॉटल दिल्यावर वर सरकून हवेची वाट उघडणाऱ्या झडपेच्या, आकारामुळे. हवा जिथून जाते त्या भोकाचे माप त्या मानाने गौण राहिले.

१९६० च्या दशकात मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची शर्यत) युरोपच्या हातात होता. बुल्टाको बाइकवर अमालचा कार्बोरेटर, मायकोवर बिंगचा, सीझेडवर यिकोव्हचा अशी ती जोडी असे. अमाल ही १९२७ साली तीन ब्रिटिश कार्बोरेटर कंपन्या एकत्र येऊन झालेली कंपनी. तिचा १९६७ चा कॉन्सेंट्रिक कार्बोरेटर साधा आणि स्वस्त होता, पण त्याची बॉडी आणि स्लाइड दोन्ही मऊ जस्त मिश्रधातूच्या. दोन्ही एकमेकांवर घासून झिजत, फटीतून हवा शिरे आणि आयडलिंग बिघडे. मग अनेकांनी अमाल काढून जपानी मिकुनी कंपनीचा गोल स्लाइडचा व्हीएम बसवला. डर्ट बाइकवर कार्बोरेटर बदलण्याची प्रथा खऱ्या अर्थाने इथे रुजली, आणि तीही वेगासाठी नव्हे, भरवशासाठी.

टू-स्ट्रोकला कार्बोरेटरची एवढी काळजी का, हे इथेच सांगायला हवे. बेअरिंग आणि सिलिंडरला लागणारे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. मिश्रण लीन झाले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले, की पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडते, पिस्टन तापतो आणि इंजिन सीझ होते, म्हणजे जाम होते. शिवाय क्रँककेसमधून (पिस्टनखालच्या पोकळीतून) उलट फिरणारा दाबाचा धक्का काही आरपीएमला हवा कार्बोरेटरमधून मागे ढकलतो. तीच हवा पुन्हा आत येताना आणखी पेट्रोल उचलते. १९७० च्या दशकात रीड व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्या) सर्वत्र आले तेव्हा हा त्रास कमी झाला, पण संपला नाही.

आता स्लाइडकडे येऊ. स्लाइडला एक निमुळती सुई, म्हणजे नीडल, लटकलेली असते आणि ती जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात, वरखाली होते. पेट्रोल वर खेचले जाते ते नीडलजवळच्या हवेच्या वेगामुळे. गोल स्लाइड जाड असते. थ्रॉटल थोडाच उघडा असताना तिच्याखालून जाणारी हवा घोटाळते आणि ओढ कमजोर पडते. पातळ, चपटी स्लाइड हवेचा झोत नीडलपाशीच आवळून धरते, म्हणून १९८० च्या दशकापासून मिकुनीचे टीएम, टीएमएक्स पुढे आले. केहिन या दुसऱ्या जपानी कंपनीने पीडब्ल्यूके मॉडेलमध्ये डी-आकाराची स्लाइड दिली आणि पुढे त्याच्या एअर स्ट्रायकर आवृत्तीत तोंडाशी छोटे पंख घालून हवा थेट नीडल जेटकडे वळवली. सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी होती: पाव थ्रॉटलवरची स्वच्छ ओढ. चिखलात, दगडांत बाइक बहुतेक वेळ तिथेच चालते.

भोक मोठे केले की हीच ओढ आधी मरते. केटीएमच्या २५० आणि ३०० एन्ड्युरो (लांब पल्ल्याच्या ऑफ-रोड) बाइकवर बरीच वर्षे केहिनचा ३६ मिमी पीडब्ल्यूके होता. २०१७ च्या मॉडेलला मिकुनीचा ३८ मिमी टीएमएक्स आला, तेव्हा कित्येक मालकांनी केहिनच परत बसवला. पुढच्याच मॉडेल वर्षी त्या बाइकवर कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. यामाहाच्या वायझेड१२५ वर मात्र २०२२ मध्ये उलटा बदल झाला: मिकुनी गेला आणि ३८ मिमीचाच केहिन आला. माप तेच, फरक रचनेचा.

१९९८ च्या यामाहा वायझेड४००एफनंतर फोर-स्ट्रोकची लाट आली. होंडाची टू-स्ट्रोक सीआर मालिका २००७ च्या मॉडेलांवर थांबली, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांचे टू-स्ट्रोककडचे लक्ष उडाले. ती जागा छोट्या कार्बोरेटर कंपन्यांनी भरली. त्यातल्या लेक्ट्रॉनची कल्पना १९७० च्या दशकातली: मेन जेट (पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल ठरवणारे जेट) नाहीच, एका बाजूने सपाट घासलेला मीटरिंग रॉड सगळे पेट्रोल मोजतो. नंतर स्मार्टकार्बही याच वाटेने आला. उंची आणि तापमान बदलले तरी जेटिंग (जेट-नीडलची जुळणी) कमी बदलावे लागते, हा त्यांचा दावा मला पटण्यासारखा वाटतो; रोज वेगळ्या डोंगरात जाणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा. दुसरीकडे पीडब्ल्यूकेच्या स्वस्त नकलांचा पूर आला. त्यांची बॉडी हुबेहूब दिसते, पण आतल्या नीडलचा उतार आणि जेटची मापे वेगळी निघू शकतात. एवढ्या एका कारणासाठी मी त्या टाळायला सांगेन.

बाजारात आज हा सगळा इतिहास एकाच फळीवर मांडलेला दिसतो. त्यातून निवडताना आधी इनटेक रबरात घट्ट बसणारा बाहेरचा व्यास, एअर बूटपर्यंतची (एअर फिल्टरकडून येणाऱ्या रबरी नळीपर्यंतची) लांबी आणि थ्रॉटल केबल जुळते का ते पाहावे, मग स्लाइड, आणि त्यानंतर मिलिमीटर. जुन्या जेटचा आकडा नव्या कार्बोरेटरला लावू नये: मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवर प्रवाहाचा आकडा असतो, केहिनच्या जेटवर भोकाच्या व्यासाचा. सुरुवात रिच, म्हणजे जास्त पेट्रोलच्या, बाजूने करावी आणि स्पार्क प्लगचा रंग पाहत एकेक जेट खाली यावे.