दहा सेकंदांची गैरहजेरी

नौपाड्यात आमच्याच मजल्यावर राहणारी सात वर्षांची छकुली तीनचा पाढा म्हणताना ‘तीन सक’वर थांबली. डोळे उघडे, पापण्या किंचित फडफडताहेत. मी मनात आकडे मोजले. नवावर ती ‘अठरा’ म्हणाली आणि पाढा पुढे सुरू! मध्ये काही झालं, हे तिच्या गावीही नव्हतं.

शाळेतून वर्षभर एकच शेरा येत होता : ‘वर्गात लक्ष नसते.’ आजीच्या मते नजर लागली होती. फिट म्हटली की आपल्याला हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस एवढंच आठवतं. त्यामुळे ही ‘ॲब्सेन्स’ फिट कुणाला फिट वाटतच नाही. साधारण ४ ते १० वर्षांच्या वयात ती सुरू होते आणि दिवसातून कित्येकदा येऊ शकते. तिला कांदा हुंगवायचा म्हटलं, तरी कांदा शोधेपर्यंत ती संपलेली असते.

ईईजीला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या तपासणीला, मीही सोबत गेले. केस धुतलेले, तेल नाही. टेक्निशियनताईंनी डोक्यावर पेस्टने इलेक्ट्रोड चिकटवले आणि हातात तलावपाळीवर मिळतं तसलं भिरभिरं दिलं. ‘फुंकत राहा हं.’ जोरजोरात श्वास घेतला-सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि ही फिट बहुधा तिथेच हजेरी लावते. दुसऱ्या मिनिटाला भिरभिरं थांबलं. त्याच क्षणी पडद्यावरच्या सगळ्या रेघा उसळल्या : एक टोकदार काटा, मागे गोल लाट, काटा, लाट. सेकंदाला तीन. गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स या संशोधकांनी १९३५ मध्ये वर्णन केलेला नमुना तो हाच.

आता माझा लाडका भाग. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस असतो. त्याच्या पेशींवर ‘टी’ जातीच्या कॅल्शियम वाहिन्या, म्हणजे कॅल्शियम आत सोडणारी दारं, असतात. जाग असताना त्या बहुतांशी निकामी असतात. पेशीतला विद्युतदाब बराच खाली गेला, तरच पुन्हा कामाला तयार होतात. थॅलॅमसभोवती पेशींचा पातळ थर असतो. तो ‘गाबा’ हे रसायन सोडून ब्रेक लावतो. ब्रेक लागला की दाब उतरतो आणि वाहिन्या सज्ज होतात. ब्रेक सुटताना दाब वर येतो, वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी संदेशांची फैर झाडते. ती कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला, पोचली की तिथल्या असंख्य पेशी एकदम पेटतात. हा काटा. मग सगळ्या एकदम गप्प. ही लाट. दरम्यान फैरीने ब्रेकवाला थरही चाळवलेला असतो; तो पुन्हा ब्रेक दाबतो. फेरीला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो.

म्हणजे इथे ब्रेक फेल झालेला नाही, तो तालात लागतोय! म्हणूनच गाबा वाढवणारी व्हिगाबॅट्रिनसारखी औषधं ही फिट आणखी वाढवू शकतात. या फिटवरचं औषध एथोसक्सिमाइड त्या टी-वाहिन्याच दाबतं. जागा मेंदू बराचसा बाजारासारखा असतो, जो तो आपल्या नादात. ‘मेंदूलहरी जुळवून मूल हुशार करू’ म्हणणाऱ्या क्लासवाल्यांना मला तो ईईजी दाखवायचाय. त्यात लहरी अगदी जुळलेल्या होत्या आणि छकुली गैरहजर होती.

औषध सुरू झाल्यावरच्या दुसऱ्या ईईजीत तिने भिरभिरं सलग तीन मिनिटं फिरवलं. केसांतली पेस्ट निघायला मात्र तीनदा शाम्पू लागला.