शंखाच्या मादीला लिंग कुठून आलं?

१९७० साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या किनाऱ्यावर स्टीफन ब्लेबर हे संशोधक ‘डॉगवेल्क’ जातीचे शंख तपासत होते. अंगठ्याच्या पेराएवढा हा प्राणी खडकावरच्या शिंपल्यांना भोक पाडून आतला जीव खातो. त्याच्यात नर वेगळा, मादी वेगळी. पण ब्लेबरना दिसलं ते विचित्र होतं: काही माद्यांच्या उजव्या स्पर्शिकेमागे छोटंसं लिंग उगवलं होतं. अंडाशय जागच्या जागी, बाकी शरीरही मादीचंच. त्याच सुमारास अमेरिकेतल्या चिखलातल्या गोगलगायींतही हाच प्रकार सापडला आणि त्याला ‘इम्पोसेक्स’ हे नाव मिळालं.

कारण कळायला दहा वर्षं गेली. विकृत माद्या होड्यांच्या धक्क्यांजवळ जास्त आणि लांब गेलं की कमी, एवढा धागा हाती लागला. शेवटी बोट गेलं ते होड्यांच्या रंगाकडे.

होडीच्या बुडाला शेवाळ, कालवं, बार्नेकल चिकटले की ती जड होते आणि इंधन जास्त पिते, हे कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला सांगावं लागत नाही. त्यावर साठ-सत्तरच्या दशकांत उपाय निघाला तो ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी, मिसळलेल्या रंगाचा. पुढे तर असा रंग आला की समुद्राच्या पाण्याने त्याचा वरचा थर हळूहळू झिजायचा, विष थोडं थोडं सुटायचं आणि बूड वर्षानुवर्षं गुळगुळीत राहायचं. जहाजवाल्यांच्या दृष्टीने इतका चांगला रंग दुसरा नव्हता, हे मान्यच करायला हवं.

गोम होती मात्रेत. एक लिटर पाण्यात एक नॅनोग्रॅम टीबीटीसुद्धा डॉगवेल्कच्या मादीला पुरतं. ऑलिंपिकच्या तरणतलावात हे प्रमाण धरलं तर टीबीटी होतं अडीच मिलिग्रॅम: मिठाचे काही कण. एवढ्याने प्राणी मरत नाही, आणि फसगत होते ती इथेच. विष म्हटलं की आपण मेलेले मासे मोजतो. इथे मादी जिवंत असते, खाते, फिरते. फक्त तिच्या शरीरात नराची शुक्रवाहिनी वाढत जाते आणि शेवटी अंडी बाहेर पडायची वाट बुजवून टाकते. अंड्यांच्या पिशव्या आतच अडकतात आणि मग मादी मरते. डॉगवेल्कची पिल्लं पाण्यात तरंगत दूर जात नाहीत, अंड्यातून निघून तिथेच सरपटतात. त्यामुळे एक खडक ओस पडला की शेजारून भर पडायलाही फार वेळ लागतो.

हे घडतं कसं? आधी वाटलं, टीबीटीमुळे नर-संप्रेरक साचत असावं. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी वेगळंच दाखवलं: टीबीटी पेशीतल्या ‘आरएक्सआर’ नावाच्या ग्राहकाला (रासायनिक निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं आणि त्याला खोटा निरोप देतं. हा ग्राहक आपल्या शरीरातही असतो.

फ्रान्सला मात्र शंखांपेक्षा कालवांनी जागं केलं. आर्काशों उपसागरात कालवांची नवी पिढीच तयार होईना, शिंपले जाड आणि वेडेवाकडे होऊ लागले. खाणाऱ्याच्या ताटाचा प्रश्न आल्यावर सरकार हललं: १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर हा रंग लावायला बंदी आली. ब्रिटनने १९८७ मध्ये तेच केलं. जगभरच्या जहाजांवरून तो पूर्ण हटवण्याचा करार २००१ मध्ये झाला आणि अमलात यायला २००८ उजाडलं.

मधल्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. केंटमधल्या डम्प्टन गॅप इथले डॉगवेल्क भरपूर टीबीटी असूनही तग धरून राहिले. कारण तिथल्या काही नरांना आनुवंशिक दोषामुळे लिंग नीट वाढतच नव्हतं. तोच दोष माद्यांत असल्याने त्यांची वाट बुजली नाही. एरवी जे व्यंग ठरलं असतं, त्याने तिथली वस्ती वाचवली.

आपल्याकडे १९९९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी इम्पोसेक्सची नोंद केली. त्या शंखाचं शास्त्रीय नाव ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’, म्हणजे कोकणचाच. बंदीनंतर इंग्लंडच्या बऱ्याच खडकांवर डॉगवेल्क परतले आहेत. बंदरांच्या तळच्या गाळात मात्र टीबीटी वर्षानुवर्षं टिकतं, आणि जहाजांसाठी तो गाळ उपसला की त्यातलं काही पुन्हा पाण्यात मिसळतं.