रिकामं मशिन आणि लांब रांग

मागच्या आठवड्यात पणजीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत गेलो होतो. तिथल्या साहेबांनी कौतुकाने आलेख दाखवला. "आमच्या प्रत्येक टीमचं टेस्टिंगचं मशिन ९५ टक्के वेळ कामात असतं. काही वाया जात नाही." शेजारच्या टेबलावरची मुलगी मात्र दहा मिनिटांच्या टेस्टचा निकाल यायची वाट सकाळपासून बघत होती. तिची वाट आणि साहेबांचा आलेख या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

प्रोग्रॅममध्ये बदल केला की जुनं काही बिघडलं नाही ना, हे शेकडो टेस्ट आपोआप चालवून तपासतात. टेस्टला कोरं मशिन हवं, आधीच्या टेस्टचं खरकटं चालत नाही. म्हणून एका सर्व्हरवर, म्हणजे मोठ्या संगणकावर, व्हर्च्युअल मशिनं (सॉफ्टवेअरने बनवलेले आभासी संगणक) उभी करायची आणि काम झालं की मोडायची. युक्ती जुनीच आहे. अशी मशिनं उभी करणारं व्हीएम/३७० हे सॉफ्टवेअर आयबीएमने जाहीर केलं ते १९७२ साली. 'व्हर्च्युअल' म्हटलं की हवी तेवढी मिळतील असं वाटतं आणि क्लाउडच्या (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांच्या) जाहिराती या समजाला खतपाणी घालतात. पण रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, खरीच लागते. ६४ जीबीच्या सर्व्हरवर ४ जीबीची मशिनं कागदावर १६ बसतात. सर्व्हरची स्वतःची गरज वजा केली की त्याहून कमी. प्रोसेसर वाटून घेता येतो, पण अति वाटला की टेस्ट रेंगाळते, मुदत उलटते आणि निर्दोष प्रोग्रॅम नापास होतो.

मशिनं मोजकीच, म्हणून टेस्टची रांग लागते. आता त्या रांगेकडे येऊ. टेलिफोनच्या तारा किती टाकाव्यात, या प्रश्नातून डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये रांगांच्या गणिताचा पाया घातला. मशिन एक आहे, कामं वेळीअवेळी येतात, कुणाचं लहान तर कुणाचं मोठं. अशा वेळी मशिन जितके टक्के कामात असतं, त्याला जितके टक्के रिकामं असतं त्याने भागायचं. येणाऱ्या उत्तराला एका कामाच्या सरासरी वेळाने गुणलं की सरासरी वाट बघणं मिळतं. काम दहा मिनिटांचं असेल तर ५० टक्क्यांना दहा मिनिटं, ८० ला चाळीस, ९० ला नव्वद. आणि ९५ ला? ९५ भागिले ५ म्हणजे १९. तीन तास दहा मिनिटं! असं होतं कारण सकाळी मोकळी गेलेली दहा मिनिटं दुपारच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाहीत, आणि एकदा तुंबलेली रांग उपसायला मशिनाकडे जेमतेम ५ टक्के उसंत उरते.

यावरचा उपाय मला फार आवडतो. समजा, शहरात मोटरसायकल पायलटांचे (गोव्यात भाडं घेऊन दुचाकीवरून नेणाऱ्यांचे) दोन स्टँड आहेत आणि एकाचा पायलट दुसऱ्याचं भाडं घेत नाही. मग एकीकडे माणसं उन्हात ताटकळतात, दुसरीकडे पायलट हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेले. टीमागणिक वेगळं मशिन म्हणजे हेच. दोन टीमची दोन मशिनं ८० टक्के कामात असताना वेगवेगळी ठेवली तर वाट चाळीस मिनिटांची. तीच दोन मशिनं एका सामाईक रांगेला जोडली की सुमारे अठरा. ०.८ चा वर्ग भागिले (१ वजा ०.८ चा वर्ग), म्हणजे ०.६४ भागिले ०.३६, दहा मिनिटांच्या साधारण १.७८ पट. नवीन मशिन एकही विकत घेतलेलं नाही!

टेस्ट नापास झाली की "परत चालव, होईल पास" म्हणणारेही खूप भेटतात. हा नवस बोलण्याचाच प्रकार. कारण न शोधता पुन्हा चालवलेली प्रत्येक टेस्ट त्याच रांगेत भर घालते, आणि खरा दोष लपूनच राहतो.

सामाईक रांगेला एक धोका आहे. एका टीमने संध्याकाळी हजार टेस्ट सोडल्या तर दुसरीची पाच मिनिटांची टेस्ट त्यांच्यामागे अडकते. म्हणून प्रत्येक टीमला थोडी मशिनं हक्काची, बाकी सगळ्यांची, असं वाटप करतात. हक्काचं मशिन रिकामं असेल तर शेजारी ते वापरू शकतो. मूळ मालक आला की शेजाऱ्याची चालू टेस्ट पुरी होऊ द्यायची आणि पुढची पाळी मालकाला द्यायची.