फ्लू आपल्याकडे पावसाळ्यातच का उसळतो?

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, इंग्लंडमधल्या सॅलिस्बरी गावाजवळ एका जुन्या लष्करी इस्पितळाच्या बराकींत सर्दीचा अभ्यास सुरू झाला. तिथे स्वयंसेवकांना गरम पाण्याने आंघोळ घालून ओलेत्यानेच वारा लागेल अशा बोळात अर्धा तास उभं करत. नंतर ओले मोजे घालून बसायचं. काहींच्या नाकात विषाणूचे थेंबही सोडले जात. नुसत्या गारठ्याने कुणालाच सर्दी झाली नाही. विषाणूच्या जोडीला गारठा दिल्यामुळे ती जास्त होते, हेही सिद्ध झालं नाही.

मग "भिजू नकोस, आजारी पडशील" असं घरोघरी सांगणाऱ्या आज्या चुकल्या का? इतक्या लवकर निकाल देऊ नये. २००५ मध्ये ब्रिटनमधल्याच कार्डिफ विद्यापीठात ९० जणांचे पाय वीस मिनिटं गार पाण्यात ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यातल्या १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं. कोरड्या रिकाम्या टबात पाय ठेवलेल्या ९० जणांत अशांची संख्या होती ५. अंगात आधीच शिरलेल्या विषाणूला गारठा वाट करून देत असावा, असा संशोधकांचा अंदाज. पण विषाणू नसेल तर नुसती थंडी सर्दी निर्माण करत नाही, हे आता पक्कं आहे.

हे झालं सर्दीचं. फ्लूच्या हवामानाशी असलेल्या नात्याचा भक्कम पुरावा यायला २००७ उजाडलं. न्यूयॉर्कमध्ये ॲनिस लोवेन आणि पीटर पालेसे यांच्या गटाने फ्लू झालेल्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांशेजारी निरोगी गिनीपिगांचे पिंजरे ठेवले आणि खोलीचं तापमान नि आर्द्रता बदलत नेली. ५ अंश तापमान आणि कोरडी हवा असली की विषाणू सहज पलीकडे जाई. ३० अंशांवर हवेतून संसर्ग थांबलाच. थंड हवेत बाष्प कमी असतं, आणि तीच हवा घरात शेगडीने तापवली की आणखी कोरडी पडते. अशा हवेत खोकल्या-शिंकेतून उडालेले थेंब आटून हलके होतात, तरंगत राहतात, नाकातलं ओलसर संरक्षक आवरण सुकतं. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात का येतो, याचं हे बरंचसं उत्तर.

पण आपलं काय? मुंबईत जुलैमध्ये भिंतींना ओल धरते, कपडे चार दिवस वाळत नाहीत, आणि दवाखाने मात्र तापाच्या रुग्णांनी भरलेले असतात. गिनीपिगांच्या हिशेबाने हे घडायलाच नको. त्याच गटाने २००८ मध्ये उत्तराचा एक धागा दिला: ३० अंशांवरही एकाच पिंजऱ्यात एकमेकांना खेटून राहणाऱ्या प्राण्यांत फ्लू पसरतच होता. पुढे २०१३ मध्ये जगभरातल्या ठिकाणांची तुलना झाली, तेव्हा फ्लूचे दोन ऋतू दिसले, एक थंड-कोरडा आणि दुसरा दमट-पावसाळी. दुसऱ्याचं कारण अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पाऊस लागला की आपण खिडक्या लावून घेतो, लोकल आणि एसटीच्या काचा बंद होतात, शाळाही जूनमध्येच भरतात. माझ्या मते निम्मं उत्तर या बंद काचांत आहे.

विषाणू अगदी नवा असेल, तर मात्र तो ऋतूची वाट पाहत नाही. १९५७ चा आशियाई फ्लू सिंगापूरहून आलेल्या जहाजाबरोबर मद्रासला उतरला तो ऐन मे महिन्यात. २०२० मध्ये "आपल्या उन्हाळ्यात कोरोना टिकणार नाही" असं किती जणांनी किती खात्रीने सांगितलं होतं! २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत रुग्ण वाढू लागले आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार असताना नागपूरच्या इस्पितळांत खाटा मिळेनाशा झाल्या. कुणाच्याच अंगात प्रतिकारशक्ती नसते तेव्हा हवामानाचा हात आखडता पडतो. तो दिसू लागतो विषाणू जुना झाल्यावर, दरवर्षीच्या चढउतारांत.

हे चढउतार भारतात सगळीकडे सारखे नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या पुढाकाराने देशातल्या अनेक शहरांचे नमुने तपासले गेले. नागपूर, दिल्ली, कोलकाता इथे फ्लूचा कळस पावसाळ्यात. परतीचा पाऊस पडणाऱ्या चेन्नईत तो पुढे सरकलेला. श्रीनगरात मात्र युरोपासारखा जानेवारी ते मार्च. आपल्याकडेही हिवाळ्याअखेर एक लाट येते, आणि २०१५ मधली मोठी होती. तरी मुख्य भर पावसावरच.

म्हणूनच लसीचा महिना महत्त्वाचा ठरतो. लसीचं संरक्षण काही महिन्यांनी ओसरू लागतं, आणि ते तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. श्रीनगरला सप्टेंबर-ऑक्टोबर योग्य. पण नागपुरात दम्याच्या रुग्णाने किंवा सत्तरीच्या आजोबांनी ऑक्टोबरमध्ये लस घेतली, तर त्यांचा धोक्याचा पावसाळा उलटून गेलेला असतो. त्यांनी ती एप्रिल-मेमध्ये, आंब्यांच्या दिवसांत घ्यायला हवी.