मायकोरायझा (जमिनीचे पुनरुज्जीवन)

वनस्पतींची मुळे व कवके यांचे सहजीवन. कवक मातीतून स्फुरद, जस्त व काही प्रमाणात पाणी मिळवून मुळांना देते. वनस्पती त्याला शर्करा व मेद पुरवते. ही संज्ञा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ मध्ये रूढ केली. तथापि पोलिश संशोधक कामिएन्स्की यांनी सु. १८८१–८२ मध्येच मोनोट्रोपा या हरितद्रव्यहीन वनस्पतीचे पोषण कवकामार्फत होते असे मांडले होते; कल्पनेचे श्रेय त्यांना देणे अधिक रास्त वाटते.

बहुतेक पिकांत आर्बस्क्युलर प्रकार आढळतो. मूळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तापवून ट्रिपॅन ब्लूने रंगवल्यास पेशींच्या आत कवकाची दाट फांद्याळ रचना (आर्बस्क्यूल) निळी दिसते. ती काही दिवसांतच विरते व नवी तयार होते. स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही, त्यामुळे मुळालगतचे एक-दोन मिलिमीटर लवकर रिकामे होतात. सु. २ ते १० मायक्रॉन जाडीचे कवकतंतू त्यापलीकडे कित्येक सेंटिमीटर पोचतात.

धूप वा खाणकामात वरची माती गेली की या कवकांची बीजुकेही (प्रजननाचे सूक्ष्म कण) जातात. खाणीवर काढून ढीग मारून ठेवलेल्या मातीतही ती कालांतराने निकामी होतात.

कवकतंतू मातीचे कण बांधतात, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो या कवकांपासून मिळते असे मानलेल्या ग्लोमालिन या प्रथिनाचा. सारा राइट व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वर्णिलेले हे प्रथिन मातीला स्थैर्य देते व दीर्घकाळ कर्ब साठवते, असे पुढे सर्रास लिहिले गेले. मात्र ते वेगळे करताना माती सायट्रेटच्या द्रावणात १२१° से. तापमानाला दाबाखाली तापवली जाते आणि अर्कात ह्यूमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतील) द्रव्ये व इतर प्रथिनेही उतरतात. म्हणून हल्ली ‘ग्लोमालिनसंबद्ध मृदा-प्रथिन’ असा सावध शब्दप्रयोग होतो. ग्लोमालिनचे जुने आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत.

अमेरिकेत १९७० च्या दशकात डॉनल्ड मार्क्स यांनी कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवर पाइनची रोपे पिसोलिथस कवकासह लावली. महाराष्ट्रात नागपूरच्या ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) गुमगाव येथील मँगॅनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील मळी (प्रेसमड), नत्र स्थिर करणारे जिवाणू व मायकोरायझा यांचा एकत्र वापर करून झाडे वाढवली. यात कवकाचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे. नुसत्या मुरमावर सेंद्रिय द्रव्याशिवाय कवकाने फार काही साधेल असे वाटत नाही. गोव्यातील लोहखनिज खाणींच्या पडीक जागांवरील कवकांचाही अभ्यास झाला आहे.

मोहरी, कोबी, पालक यांना हे सहजीवन सहसा नसते. भरपूर स्फुरदयुक्त खत दिलेल्या जमिनीत मुळांतील कवकाची वाढ रोडावते, आणि वारंवार नांगरटीने तंतूंचे जाळे तुटते. बाजारातील पाकिटांची गुणवत्ताही एकसारखी नसते. स्थानिक कवके शाबूत असतील तर बाहेरून टाकलेल्याचा लाभ बेताचाच मिळतो.