आजोबांची बंदूक दुरुस्तीला आणण्याआधी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"आजोबांची आहे. फक्त जरा साफ करून द्या, डुकरं नाचणीत शिरायच्या आत हवी."

आमच्या दुकानात येणाऱ्या दहा जुन्या बंदुकांपैकी सात-आठ तरी हे वाक्य सोबत घेऊन येतात. साफ करणं अर्ध्या तासाचं काम आहे. पण ती बंदूक उडवण्याजोगी आहे का आणि कोणत्या काडतुसाने, हे ठरवायला आम्हाला दोन-तीन दिवस लागतात आणि कधी कधी उत्तर "नाही" असं येतं. तेव्हा माणसं नाराज होतात. तो "नाही" कुठून येतो, हे कळावं म्हणून हा कागद.

हात लावण्याआधी

माळ्यावर, पेटाऱ्यात, कपाटामागे सापडलेली बंदूक भरलेली आहे असंच धरून चाला. "आमच्या घरात भरून कोणी ठेवत नाही" हे आम्ही खूप वेळा ऐकलंय, आणि त्यानंतर त्याच बंदुकीतून काडतूस काढलंय. दुनळी असेल तर तोंड मोकळ्या बाजूला धरून ती उघडा आणि दोन्ही चेंबर (काडतूस बसतं ती जागा) पाहा. उघडत नसेल तर गुडघ्यावर घेऊन जोर लावू नका. तशीच ठेवा आणि आम्हाला फोन करा.

ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक उघडून बघता येत नाही. तिथे गजाचा उपाय. केप (बार पेटवणारी टोपी) बसवलेली नाही ना ते आधी बघा. मग बाजूला उभं राहून गज नळीत अलगद सोडा, नळीच्या तोंडाशी गजावर बोटाने खूण धरा, गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. रिकाम्या नळीत गजाचं टोक केप बसवतात त्या जागेपर्यंत पोचतं. चार बोटं अलीकडे थांबलं, तर आत बार आहे किंवा दुसरं काहीतरी आहे. काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास वर्षांनीही पेटते. बार काढायचा प्रयत्न घरी अजिबात करू नका.

"दुसरं काहीतरी" म्हणजे बहुतेक वेळा कुंभारमाशीचं घर. चिखलाचं, सुपारीएवढं, सुकून दगड झालेलं. गेल्या पावसाळ्यात एका गृहस्थांनी आणलेल्या दुनळीच्या डाव्या नळीत असं घर निघालं, तोंडापासून वीतभर आत. बाहेरून नळी चकचकीत, घरच्यांनी खोबरेल लावून पुसलेली. त्या नळीतून बार उडवला असता तर नळी फाटली असती, आणि नळी फाटते ती बहुधा डावा हात असतो तिथेच.

कागदाचं काय

परवानाधारक वारले की ती बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार वारसांकडे आपोआप येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. पावती जपून ठेवा. मग मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचं ना-हरकत घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे, वारसाने अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते. आजोबा हयात असतील, पण वय झालंय, तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावे करून घेण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. ती वापरा, नंतरची धावपळ वाचते.

दुरुस्तीचं काम परवानाधारकानेच करायचं असतं, कलम ५. गावातला लोहार आमच्यापेक्षा चांगला कारागीर असेल, त्याबद्दल वाद नाही. पण बंदुकीचं काम घेतलं तर तोही अडकतो आणि तुम्हीही.

एक बारीक गोष्ट, जी शेकडा वीस परवान्यांत तरी आम्हाला दिसते. परवान्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर जुळत नाही. कारण साधं असतं. पूर्वी कधीतरी लिहून घेणाऱ्याने नळीवर दिसलेला पहिला आकडा उतरवलेला असतो. तो पेटंटचा असतो किंवा बोअरचा, म्हणजे नळीच्या मापाचा. खरा नंबर बहुधा चापाच्या कडीखालच्या पट्टीवर, नळीच्या सपाट भागावर आणि फोरएंडच्या (नळ्यांखालच्या लाकडी भागाच्या) लोखंडावर असा तीन ठिकाणी सापडतो. जुळत नसेल तर कार्यालयातून दुरुस्त करून घ्यावा लागतो. बंदुकीवरचा नंबर घासून "जुळवणं" हा कलम ८ चा गुन्हा आहे. असं काम आम्हाला सांगूही नका.

बंदूक कोणाची, हे रिबवर लिहिलेलं नसतं

दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर, म्हणजे रिबवर, सुंदर अक्षरांत एखादं नाव कोरलेलं असतं. कोलकात्याच्या मँटन किंवा रॉडा कंपनीचं नाव बघून माणसं हरखतात. या मोठ्या पेढ्या खऱ्याच, पण त्या मुख्यतः विक्रेत्या होत्या. बंदूक बनायची बर्मिंगहॅमला किंवा बेल्जियममधल्या लिएजला. शिवाय बेल्जियमहून येणाऱ्या स्वस्त मालावर नामांकित इंग्रज घराण्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं टाकायची पद्धत होती. "डब्ल्यू. रिचर्ड्स" असं लिहिलेली बंदूक वेस्टली रिचर्ड्सची असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतेच.

खरी माहिती नळीच्या पोटाशी असते. बंदूक सांध्यावर उघडली, फोरएंड काढून नळ्या सोडवल्या आणि उलट्या केल्या की चेंबरच्या खालचा सपाट भाग दिसतो. तिथे बारीक शिक्के असतात. हेच बंदुकीचं जन्मपत्र. आम्ही पहिला अर्धा दिवस भिंगाखाली तिथेच घालवतो.

मुकुटाखाली दोन राजदंड एकमेकांवर आडवे आणि सोबत 'बीपीसी', 'व्ही' ही अक्षरं असली, तर बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाचा (नळ्या तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचा) १८१३ ते १९०४ या काळातला शिक्का. मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही' असेल तर १९०४ नंतरचा. लंडनचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेलं 'जीपी'. अंडाकृतीत 'ईएलजी' आणि खाली तारा, तर लिएज. त्यावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची.

या सगळ्यात आम्ही शोधतो तो एकच शब्द, नायट्रो. बर्मिंगहॅमला १९०४ पासून मुकुटाखाली 'एनपी' येतं, बेल्जियन बंदुकीवर सिंहासोबत 'पीव्ही'. हा शिक्का असेल तर ती बंदूक धूररहित दारूवर तपासलेली आहे. तो नसेल तर ती काळ्या दारूची आहे, आणि आजचं कोणतंही साधं काडतूस तिच्यासाठी नाही. दमास्कस नळी, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली, अंगावर सापाच्या कातीसारखी नक्षी असलेली, बहुतेक याच वर्गात पडते. नायट्रोवर पास झालेल्या दमास्कस नळ्याही आहेत. तरीही शंभर वर्षांनी त्या पट्ट्यांच्या सांध्यांत आत काय गंजलंय हे बाहेरून कळत नाही, म्हणून आम्ही दमास्कसला आजच्या काडतुसासाठी होकार देत नाही. दुसरा कोणी देईल. तुम्ही त्यांना का दिला ते विचारा.

काडतूस बसतं म्हणजे चालतं असं नाही

जुन्या इंग्रजी १२ बोअरच्या बहुतेक बंदुकांचा चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचा. आज दुकानात मिळणारी बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची, पावणेतीन इंची. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण डब्यावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची असते. तोंडाची घडी मिटलेली असताना ते आखूड दिसतं. बार उडाला की घडी उलगडते, पण उलगडायला पुढे जागा नसते. ती नळीच्या निमुळत्या भागात अडकते, छर्रे त्यातून घुसतात आणि दाब वाढतो. पहिल्या दिवशी काही होत नाही. "दहा वर्षं हीच काडतुसं वापरतोय" असं म्हणणाऱ्यांची बंदूक आमच्याकडे येते ती खिळखिळी होऊन.

मागच्या वर्षीचं उदाहरण. बिनघोड्याची दुनळी, 'एनपी' शिक्का, चौकटीत '१२' आणि 'सी', वजनाचा आकडा १⅛ औंस, म्हणजे साधारण ३२ ग्रॅम छर्रे. लांबीचा आकडा नाही, कारण तो १९२५ नंतर येऊ लागला. म्हणजे बंदूक १९०४ ते १९२५ मधली. गेजने मोजलं तर चेंबर ६५. घरातला अर्धा डबा ७० चा, ३६ ग्रॅमचा. बंदूक उत्तम होती, काडतूस चुकीचं होतं. त्यांना दुरुस्तीचा खर्च आला नाही, फक्त डबा बदलावा लागला.

घरात २० बोअरचीही बंदूक असेल तर तिची काडतुसं वेगळ्या कपाटात ठेवा. २० चं काडतूस बारीक असतं, ते १२ च्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं, आणि माणसाला वाटतं चेंबर रिकामा आहे. मग तो मागून १२ चं भरतो.

आम्ही काय करतो, काय नाही

फोरएंड काढून बंदूक हलवली आणि ती खुळखुळली, किंवा नळी आणि ब्रीचच्या (नळीमागच्या भिंतीच्या) मधून उजेड दिसला, तर सांधा झिजला आहे. त्यावर बिजागरीची मोठी पिन बसवणं हा खरा उपाय. पत्र्याचा तुकडा घालून घट्ट केलेल्या बंदुका आम्ही पाहिल्या आहेत. त्या पंधरा बारांपुरत्याच घट्ट असतात. फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या टोपीवर आदळणाऱ्या सळईच्या) जागी सायकलच्या आऱ्याचा तुकडाही एकदा सापडला. त्याने काडतुसाची टोपी भोसकली होती आणि वायू मागे आला होता.

नळीतला पोचा आतून ठोकळा घालून उचलता येतो. गंजाचे खड्डे घासून काढता येतात, पण घासलं की नळी पातळ होते. भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की आम्ही थांबतो. आकडा तुम्हाला लिहून देतो.

नळी काळी करून हवी असेल तर जुन्या दुनळीला आम्ही गरम क्षाराच्या कढईत घालत नाही. रिब कथलाच्या डाकाने चिकटवलेली असते आणि तो डाक क्षार खातो. रिब महिनाभराने सुटते. आम्ही जुन्या पद्धतीने गंज चढवून, उकळून, घासून काळं करतो. त्याला आठ-दहा दिवस लागतात, आणि हो, महाग पडतं.

दस्त्याला मानेशी तडा असेल तर फेव्हिकॉल भरून आणू नका, आधी तो काढण्यातच आमचा दिवस जातो. खोबरेल तेलही नको. ते लोखंडावर चिकट राळ होऊन बसतं आणि लॉक, म्हणजे बार उडवणारं यंत्र, आखडतं. शिवणयंत्राचं तेल, तेही थेंबभर, पुरेसं आहे.

नळी आखूड करून देत नाही. परवान्याशिवाय ते कलम ६ चा गुन्हा आहे. नळीला वेल्डिंगही करत नाही.

आणताना

बंदूक रिकामी, नळ्या सोडवलेल्या, कव्हरमध्ये. मूळ परवाना सोबत, आणि परवाना ज्याच्या नावावर त्यानेच यायचं, मुलाला किंवा गड्याला पाठवू नका. बंदूक ठाण्यात जमा असेल तर आधी पावतीची झेरॉक्स दाखवा. ठाण्यातून कशी आणायची ते आम्ही समजावून सांगू. कुरियरने पाठवू नका.

जुनी काडतुसं, पुठ्ठ्याची, फुगलेली, पितळ हिरवं पडलेली, ती आणू नका, फोडू नका, चुलीत तर नकोच. फोन करा, ठाण्याला कळवून ती कुठे द्यायची ते सांगतो.

तपासणीचे पैसे दुरुस्ती झाली नाही तरी द्यावे लागतात. लेखी अहवाल मिळतो, त्यात शिक्क्यांचे फोटो, चेंबरची लांबी, भिंतीची जाडी आणि कोणतं काडतूस चालेल हे असतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदुका ठाण्यात जमा होतात, तेव्हा त्या महिन्यात काम घेत नाही. गणपतीनंतर गर्दी असते. लवकर हवी असेल तर मे महिन्यात या.